काशीबाय घरीच असते

समोरचं घर विकलं गेल्याचं कळलं तेव्हा मी माझ्याच दारात उभी राहून मोठ्याने म्हणाले, "सुटलो बाई एकदाचे!" घर माझं नव्हतं. त्याचा एक रुपयाही मला मिळणार नव्हता. उलट माझी इतक्या वर्षांची शेजारीण कायमची जाणार होती. तरी सुटका माझीही झाली होती, कारण घर विकायला काढल्यावर त्या घराची मालकीण कित्येक रविवार माझ्या दिवाणावर तोंड मिटून बसली होती. आणि काशीबायला तोंड मिटून बसलेलं बघणं हे माझ्या सोसण्यापलीकडचं काम आहे.

काशीबाय म्हणजे आमच्या बदलापूरच्या शिरगावातल्या बिल्डिंगचा तिसरा मजला. तिला सगळे काशीबायच म्हणतात, तिची नातवंडंसुद्धा. माहेर खाडीकाठचं, बाप मिठागरावर राबणारा, सासर अंबरनाथकडचं, सगळे आगरी. तिचा खरा हुद्दा धवलारणीचा. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, धवलारीण वेळेवर लागते. मांडव घालण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं, आणि तिने धवला म्हटल्याशिवाय हळद लागली असं कोणी मानत नाही. काशीबायने या पट्ट्यातल्या किती घरांत हळदी लावल्या याची गणती तिलाही नाही. रस्त्याने जाताना तिला बायका थांबवायच्या आणि म्हणायच्या, "काशीबाय, माझी हलद तुजीच." मग तिथेच गप्पांचा मांडव पडायचा आणि माझी भाजीची पिशवी माझ्या हाताला काचत राहायची.

रस्त्याने जायची, असं मी म्हणतेय. कारण मग गुडघे गेले. ऑपरेशन करावं तर डॉक्टर म्हणाले, हृदयाला झेपणार नाही. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. बांधणाऱ्याने लिफ्टच्या जागी दुकान काढलं आणि विकून टाकलं, त्याला मी आजही रोज जिना चढताना मनापासून शिव्या देते. एकदा काशीबायला ताप भरला तेव्हा तिच्या चार पुतण्यांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली, लोक बघत उभे राहिले. परत आल्यावर ती मला म्हणाली, "चार जनांनी उचलून न्यायचं ते एकदाच असतं गो बाय. ते मी मेल्यावर करा. जितेपनी परत नाय."

तिने शब्द पाळला. पकडत पकडत कसंबसं उतरणं जमलं असतं, पण चढणं नाही. म्हणजे एकदा उतरायचं ते कायमचंच. मुलगा कल्पेश उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये राहतो, तोही दुकानावरच्या माळ्यावर, शिडीसारखा जिना. तेव्हा काशीबाय घरी राहिली. मागच्या गॅलरीत आरामखुर्ची टाकून बसायची, बोंबील वाळवायची, कावळ्यांना हाकलायची. कधीही जा, काशीबाय घरीच. दूधवाल्याची पिशवी, कुरियर, माझी किल्ली, सगळं तिच्याकडे. आम्हां सगळ्यांची फार सोय झाली होती. त्या सोयीबद्दल आपल्याला लाज वाटायला हवी हे माझ्याही फार उशिरा ध्यानात आलं.

मग नातीचं लग्न ठरलं. जिज्ञासा, कल्पेशची थोरली, काशीबायच्या मांडीवर वाढलेली. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची, मांडव अंबरनाथला, भावकीच्या अंगणात. सुनेने, मनालीने, प्रेमानेच सुचवलं, "आई, तुम्ही वरून मोबाइलवर धवला म्हणा, आम्ही मांडवात स्पीकर लावू." काशीबायने मोबाइलकडे अशी नजर टाकली की मनालीने तो पर्समध्ये टाकला.

त्याच सुमारास अंबरनाथलाच शिवमंदिराच्या बाजूला तळमजल्यावरचं एक घर निघालं. दोन खोल्या, पुढे फरसबंद अंगण, मधे एकही पायरी नाही. घर भावकीतल्याच माणसाचं, म्हणाला, लग्नापर्यंत थांबतो, पुढे नाही. इथलं विकल्याशिवाय तिथलं घेणं शक्य नव्हतं. म्हणजे काशीबाय नातीच्या हळदीला मांडवात असणार की स्पीकरमध्ये, हे सगळं हा फ्लॅट किती लवकर विकला जातो त्यावर येऊन ठेपलं.

आता फ्लॅट विकायचा म्हणजे तो लोकांना दाखवायचा, आणि तो कसा दाखवायचा इथे आमच्या हरिचंद्रकाकांनी पहिला गोंधळ घातला. काशीबायचे यजमान म्हणजे अंबरनाथच्या एका कारखान्यातून रिटायर झालेला, कमी बोलणारा, पण एकदा ठरवलं की न हलणारा माणूस. त्यांना उभ्या आयुष्यात 'घर बघायला माणसं येतात' याचा एकच प्रसंग ठाऊक होता. सोयरिक जुळताना मुलीकडचे मुलाचं घर बघायला येतात, तेव्हा भावकीतली चार वडील माणसं घरात हजर असावी लागतात, नाहीतर घराला माणूसबळ नाही असं दिसतं. म्हणून पहिलं गिऱ्हाईक येणार त्या दिवशी काकांनी भावकी बोलावली. भगवानअण्णा, त्यांचे दोघे भाऊ, आणखी कोण कोण, सगळे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून बसले. जागा उरली नाही तेव्हा दोघे पलंगावर बसले.

गिऱ्हाईक म्हणजे एक कोवळं जोडपं, आयटीतलं. दार उघडलं आणि आत पांढऱ्या कपड्यांतली, मिश्यांची, हाताची घडी घातलेली रांग! भगवानअण्णांनी घसा खाकरून त्या मुलाला विचारलं, "तुमचं गाव कोनचं? घरात किती भाव-बहिनी?" मुलगी नवऱ्याच्या शर्टाला धरून मागे सरकली. त्यांनी किचनसुद्धा बघितलं नाही. नंतर कळलं, त्यांना वाटलं या घरावर इतक्या जणांचा हक्क आहे, आणि सगळे भांडायला जमलेत. काका मात्र संध्याकाळपर्यंत खुशीत होते. म्हणाले, "पार्टीवर वजन परला." वजन इतकं पडलं की पार्टी जिन्यावरून धावत गेली, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण म्हाताऱ्याच्या आनंदावर पाणी कशाला ओता, म्हणून बोलले नाही. हसू मात्र मला रात्रीपर्यंत आवरलं नाही.

मग कल्पेशने त्याच्या कॅम्पातला सिंधी एजंट आणला, किशनभाई. गोल, घामेजलेला, सतत घाईत, पण मनाने चांगला माणूस. त्याने घरभर नजर फिरवली आणि नियम घालून दिले. "साईं, घर दिखाने का एक तरीका होता है. चावी माझ्याकडे. रविवारी सकाळी सगळ्या पार्टी एकदम आणणार, एकमेकाला बघून पार्टी गरम होते. फिश बंद. अगरबत्ती चालू. और..." इथे तो जरा अडखळला. "आंटीला बाजूला बसवा. बुरा मत मानना. घरात पेशंट दिसला की पार्टी विचारते, बिमार कशी झाली? पायऱ्यांनी? मग पार्टी गेली."

कल्पेशला ते पटलं. काकांना लग्नाची तारीख दिसत होती, त्यांनी मान हलवली. आणि काशीबायने कोणालाच काही न विचारता वॉकर उचलला आणि माझ्या घरात येऊन बसली.

तेव्हापासून रविवारची ही रीत झाली. तिची आरामखुर्ची घडी घालून माझ्या मोरीच्या भिंतीला. बोंबलांची दोरी काढलेली. गॅलरीत कमोडची खुर्ची आणि औषधांचं टेबल ढकलून, दार ओढून, वर पडदा. समोर माणसांचे जथे यायचे, नळ सोडून बघायचे, भिंतीवर टिचक्या मारायचे. आणि इकडे काशीबाय दिवाणावर पदर हातात घट्ट धरून बसायची. मी पोहे केले तरी खायची नाही. जी बाई शंभर माणसांच्या मांडवात माइकशिवाय गाते, ती खोकला आला तर तोंडावर उशी धरायची. मला इतका राग यायचा! किशनभाईचा, कल्पेशचा, काकांचा, आणि त्या टिचक्या मारणाऱ्या सगळ्यांचा. पण मीही तिला घरात घेऊन दार लोटतच होते ना.

एवढं करून उपयोग काय, तर शून्य. लोक यायचे, अगरबत्तीचा वास घ्यायचे, "छान आहे, कळवतो" म्हणायचे. घर कसं दिसायचं माहीत आहे? कोणी राहतच नसल्यासारखं. जिथे कोणी राहत नाही तिथे आपण राहावं असं कोणाला वाटेल?

एका रविवारी माझं दार नीट लागलं नव्हतं. समोरून एका बाईचा आवाज आला, "इस कमरे में कौन सोता है?" आणि किशनभाईचं उत्तर स्पष्ट ऐकू आलं, "कोई नहीं मॅडम. घर खाली है."

काशीबायने मान वर केली. काकाही समोर किशनभाईजवळच उभे होते. ते काहीतरी म्हणतील म्हणून ती वाट बघत राहिली. काका बोलले नाहीत.

"मी मेले काय गो?" ती मला म्हणाली.

 ती उठली. वॉकर टेकवत माझं दार ओलांडलं, पॅसेज ओलांडला आणि स्वतःच्या दारात जाऊन उभी राहिली. "त्या खोलीत मी झोपतंय," तिने त्या बाईंना सांगितलं. "उजव्या बाजूला. डाव्या बाजूला यो म्हातारा घोरतो." बाई दचकल्या, मग ओशाळून हसल्या, आणि घड्याळाकडे बघत निघून गेल्या.

त्या दुपारी तिने सगळ्यांना समोर बसवलं. कल्पेश आधीच चिडलेला, किशनभाई रुमालाने मान पुसतोय, काका जमिनीकडे बघतायत. काशीबाय म्हणाली, "आता माजं ऐका. घर मी दाखवनार. एका टायमाला एकच पार्टी, चार वाजल्यानंतर, माजी झोप झाली का. येताना फोन करून यायचं. फोनवरच सांगायचं, तिसरा माला हाय, लिफ्ट नाय. ज्याला जमंल तो येल. माजी खुर्ची गॅलरीतच राहील. न बोंबीलपन तितंच."

"आंटी, ऐसे कोई नहीं आएगा," किशनभाई कळवळून म्हणाला.

"आता तरी कोन येतंय? जे येतान ते फिरून येतान काय?"

कल्पेश म्हणाला, "आई, लग्न तोंडावर आलंय. रिस्क आहे."

"माना म्हाईत हाय लग्न कवा हाय," ती म्हणाली. "पन मी नाय असं सांगून माजं घर इकायचं नाय."

काकांनी उठून माझ्या मोरीतून खुर्ची आणली आणि गॅलरीत मांडली. त्यांची माफी मागायची पद्धत तीच.

किशनभाई खरा ठरला. लोक येईनासे झाले. फोन यायचे, लिफ्ट नाही ऐकलं की कट व्हायचे. नवरात्र गेलं. भावकीतला तो घरमालक मधूनमधून निरोप पाठवायला लागला. जिज्ञासा येऊन आजीच्या पायाशी बसून राहायची. मला धास्तीने झोप येईना. एकदा मी म्हणूनही गेले, "काशीबाय, एवढा हट्ट बरा नव्हे. बसला असतात आणखी थोडे रविवार माझ्याकडे." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुज्याकरं बसाला माना काय नाय. पन मग मांडवात जाऊन गानार कोन? जी घरात नाय ती?" 

दिवाळीच्या अगोदरच्या शनिवारी चार वाजता, फोन करून, साईनाथ आणि प्रगती आले. तो अंबरनाथला एमआयडीसीत सुपरवायझर, ती बदलापुरातल्या एका दवाखान्यात नर्स. दोघेही चंदेरी डोंगराच्या बाजूच्या पाड्यांवरचे. तिसऱ्या मजल्यावर आले तरी दोघांपैकी कोणाला धाप लागली नव्हती. किशनभाई पाच मिनिटांनी पोचला, त्याला लागली होती.

"आधी घोटभर पानी प्या," गॅलरीतून काशीबायचा आवाज आला. "मंग बगा."

पाणी मी दिलं. काशीबायने खुर्चीतूनच घर दाखवायला घेतलं आणि सुरुवात दोषांपासून केली. "नल सकाली येतो, दुपारी नाय, बादल्या भरून ठेवाच्या. न्हाणीची भिंत पावसात ओली होते. खालचा दुकानवाला गाडी आडवी लावतो, त्याला दोन शब्द सुनवायचं, मंग काडतो." किशनभाईने कपाळाला हात लावला. प्रगती मात्र हसत होती. बोलता बोलता ती आवाजाच्या दिशेने गॅलरीत गेली. इतके रविवार जी गॅलरी पडद्याआड होती, तिथे पाऊल टाकणारी ती पहिलीच.

आणि तिथेच थबकली.

"साईनाथ," तिने हाक मारली. "इकडे ये. चंदेरी बघ."

पावसाने धुतलेलं आभाळ होतं, डोंगर अगदी जवळ आल्यासारखा. प्रगती कठड्याला धरून बघत राहिली. मग काशीबायला म्हणाली, "आमचा पाडा त्याच्याच अंगाला आहे. आई एकटी असते तिथं. नवसी नाव तिचं. इकडं यायला तयार होत नाही. म्हणते, तुमच्या बिल्डिंगीतनं माझा डोंगर दिसतो का?"

काशीबाय दोन्ही हात टेकून उठली. वॉकर धरून बाजूला झाली आणि तिला म्हणाली, "बस हितं. उभ्यानं अर्धाच दिसतो. खुर्चीत बसल्यावर पुरा."

प्रगती बसली.   हरिचंद्रकाका आत जाऊन उगाच पंख्याचं बटण चालू-बंद करत होते. याच डोंगरापायी त्यांनी घर घेताना तळमजला सोडून तिसरा मजला घेतला होता, आणि ते काशीबायने त्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं होतं. त्या दिवशी ऐकवलं नाही.

निघताना साईनाथने फक्त एवढंच विचारलं, "काकू, आधी का नाही कोणी घेतलं हे?"

"मी घरात नव्हते ना," काशीबाय म्हणाली.

आठवडा उलटायच्या आत सगळं पक्कं झालं, आणि मी दारात उभी राहून ते "सुटलो बाई" म्हणाले. किशनभाई पेढे घेऊन आला. काशीबायच्या पाया पडून म्हणाला, "आंटी, अभी मैं भी सबको बोलता हूँ, गॅलरी पहले दिखाओ." तिने त्याला पेढ्याच्या बदल्यात सुके बोंबील बांधून दिले. तो शाकाहारी आहे हे त्याने सांगितलं नाही, मला नंतर जिन्यात पुडी देऊन गेला.

निघायच्या दिवशी पुतणे पुन्हा खुर्ची घेऊन हजर. काशीबायने त्यांना सामान उचलायला लावलं आणि स्वतः पहिल्या पायरीवर बसली. मग बसूनच खाली सरकली, एक पायरी, मग दुसरी. काका तिच्यापुढे उलटे उतरत होते, रांगत्या पोरापुढे पसरतात तसे दोन्ही हात पसरून. पुन्हा प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. पण या वेळी बायका बाहेर येऊन तिच्याशेजारी पायरीवर बसल्या, कोणी पाणी दिलं, कोणी कुंकू लावलं. अर्धी सकाळ गेली. शेवटच्या पायरीवरून उठून तिने जमिनीवर पाय ठेवला आणि रस्त्यावरच्या त्या आडव्या गाडीवाल्याला पहिले दोन शब्द सुनावले. मी रडत होते आणि हसतही होते, लोकांनी काय ते समजून घेतलं.

जिज्ञासाच्या हळदीला मी गेले होते. काशीबाय मांडवाच्या मधोमध पाटावर पाय पसरून बसली होती, माइक तिने बाजूला सारला होता. तिने धवला उचलला तेव्हा जिज्ञासाच्या डोळ्यांतून हळदीवर पाणी ओघळलं. मनालीने स्पीकरवाल्याला आपण होऊन बंद कर म्हणून खूण केली. त्या रात्री घरी येऊन मी गाढ झोपले.

त्यानंतर माझे दिवस जरा कठीण गेले, हेही सांगून टाकते. समोर आता प्रगतीची आई नवसी येऊन-जाऊन असते, गोड बाई आहे. पण मला भाजी निवडताना कोणाशी तरी भांडायची सवय होती. शेवटी एका दुपारी तडकाफडकी ठरवलं, नाचणीचे लाडू डब्यात भरले आणि रिक्षा करून अंबरनाथला शिवमंदिराच्या बाजूला गेले. फोन केला नाही. काशीबायकडे जायला फोन कशाला लागतो? कधीही जा, ती घरीच असते.

दाराला कुलूप होतं.

माझं डोकंच फिरलं. उन्हात एवढी आले, रिक्षावाल्याशी वाद घातला, आणि ही बाई घरात नाही! शेजारच्या मुलीला विचारलं तर ती खांदे उडवून म्हणाली, "काशीबाय ना? त्या कधी घरी असतात? हळदीला गेल्या असतील, नाहीतर देवळात."

त्या कधी घरी असतात. मी कुलपाकडे बघत राहिले. मग अंगणात, तिच्या दारासमोरच्या फरशीवर डबा मांडीवर घेऊन बसले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ऊन कलल्यावर गल्लीच्या टोकाला वॉकरची टकटक ऐकू आली. काशीबाय येत होती, हात पिवळे, कपाळ पिवळं, मागून काका पिशवी सांभाळत. मला बघून ती लांबूनच ओरडली, "ए गो बाय! फोन करून नाय यायचं? आता माना बगाला यायचं तं टायम घेऊन यायचं!"